बाटली भरण्याआधी: बंद पडलेल्या कीटकनाशक कारखान्याच्या जमिनीचा तपास

औद्योगिक वसाहतीत कित्येक वर्षं कुलूप लागलेला पावडर मिसळण्याचा कारखाना, तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाचं पत्रे उडालेलं औषधांचं गोदाम, किंवा 'इथं पूर्वी बीएचसी बनायची' असं म्हातारी माणसं सांगतात तो मोकळा प्लॉट. अशा जागेला लागून तुमचं शेत असेल, तिथून जवळच गावाची विहीर असेल किंवा तुम्ही ती जागाच विकत घ्यायला निघाला असाल, तर पहिला विचार एकच येतो: पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत द्यावी. नेमकं तेच सगळ्यात शेवटी करायचं असतं. प्रयोगशाळा तुम्ही मागाल तेवढंच शोधते. काय मागायचं ते कारखान्याच्या इतिहासावरून ठरतं. यंत्रामुळे फसलेले अहवाल थोडे असतात. बहुतेक अहवाल चुकीच्या जागी भरलेल्या बाटलीमुळे आणि अर्धवट यादीमुळे फसतात.

भोपाळचं उदाहरण घ्या. १९८४ च्या डिसेंबरातली वायुगळती सगळ्यांना माहीत आहे, पण युनियन कार्बाइडचा हा कारखाना मुळात कीटकनाशकांचा होता आणि त्याची माती त्या रात्रीच्या कितीतरी आधीपासून खराब होत होती. १९६९ पासून तिथं मिश्रण आणि पॅकिंग चाले, पुढे 'सेविन' म्हणजे कार्बारिल तिथंच तयार होऊ लागलं. आता कुणी नुसतं कार्बारिल शोधायला गेलं, तर हाती फार थोडं लागेल, कारण ते मातीत तुलनेनं लवकर विघटित होतं. पण त्याच कारखान्यात 'सेविडॉल' नावाचं मिश्रण बने, ज्यात कार्बारिलच्या जोडीला लिंडेन असे. लिंडेन हा एचसीएचचा, म्हणजे बीएचसीचाच एक प्रकार, म्हणून तिथल्या मातीत एचसीएच सापडतं. द्रावक म्हणून वापरलेली क्लोरीनयुक्त रसायनं सापडतात आणि कुठल्याही कीटकनाशकाच्या डब्यावर लिहिलेला नसतो तो पारासुद्धा सापडतो. डब्यावरचं नाव आणि जमिनीतला माल यांत असं अंतर असतं.

कागद, आणि कागदात नसलेली माणसं

सुरुवात सातबारा आणि फेरफारांपासून करा. जमीन बिगरशेती कधी झाली, कुणाकडून कुणाकडे गेली आणि मध्ये भाडेपट्टा होता का, हे पाहा. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर भाडेपट्ट्याची फाईल त्यांच्याकडे असते. त्यानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मिळवा. या एका कागदात उत्पादनांची नावं, महिन्याला किती टन, सांडपाणी किती आणि ते कुठं सोडायचं हे सारं असतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना 'सर्व कागदपत्रं द्या' असं मोघम लिहू नका. 'अमुक भूखंडाला आजवर दिलेली सर्व संमतीपत्रं, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं आणि बजावलेल्या नोटिसा' असं नेमकं मागा. कृषी खात्याकडचा कीटकनाशक कायद्याखालचा परवाना आणि कारखाना निरीक्षकांकडचा मंजूर नकाशा हेही कामाचे. नकाशात टाक्या, गटारं आणि शोषखड्डा कुठं आहेत ते दिसतं. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं फुकट पाहता येतात. त्यांत कुठल्या कोपऱ्यात पिंपांचा ढीग होता आणि तो कोणत्या साली नाहीसा झाला, हे कधीकधी स्वच्छ कळतं.

कागद संपले की माणसं गाठा. हमाल, रात्रपाळीचा वॉचमन, बॉयलरवाला, टँकरचा ड्रायव्हर. मॅनेजरपेक्षा यांना जास्त माहीत असतं, कारण बिघडलेला माल कुठं पुरायचा हे मॅनेजर सांगतो आणि पुरतात हे लोक. त्यांना 'प्रदूषण कुठं झालं?' असं विचारलंत तर माणूस गप्प होतो. 'पिंपं कुठं धुवायचात?', 'फुटलेल्या पोत्यांचं काय करायचात?', 'पावसाळ्यात पाणी कुठून बाहेर जायचं?', 'कचरा कुठं जाळायचात?' असं विचारा. रसायनाचं नाव त्यांना येणार नाही, वास आणि रंग सांगतील. बुरशीसारखा उग्र वास येणारी पांढरट-करडी भुकटी म्हणजे बहुधा बीएचसी. 'थिमेट' म्हणाले की फोरेट समजा. 'एंड्रीन' हा शब्द मात्र सांभाळून घ्या. आपल्याकडे जुने शेतकरी कुठल्याही विषारी औषधाला एंड्रीनच म्हणतात.

भोपाळमध्ये सांडपाण्याची बाष्पीभवन तळी कारखान्याच्या भिंतीबाहेर, उत्तरेला होती. ती १९७७ मध्ये बांधली गेली आणि १९८२ सालच्या कंपनीच्या अंतर्गत संदेशातच त्यांतून गळती होत असल्याची नोंद आहे. फक्त आवारातली माती तपासणाऱ्याच्या हातून ही तळी सुटलीच असती. म्हणून नकाशावर कुंपणाची रेघ मारून तिच्या आतच तपास करू नका. नाला, गटार, टँकर रिकामा करायची जागा आणि भंगारवाल्याचं दुकान हेही तपासाच्या आत येतं.

पायाखाली काय आहे

माती आणि पाणी तपासण्याची जी पुस्तकी रीत आहे, ती बरीचशी वाळू-गाळाच्या प्रदेशात तयार झाली. तिथं दूषित पाणी एखाद्या पट्ट्यासारखं हळूहळू पुढं सरकतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तसं होत नाही. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली भेगांचा किंवा अखंड काळा पाषाण आणि दोन थरांच्या मध्ये कुठंतरी गेरूसारखा लाल थर. पाणी मुरमात आणि भेगांत चालतं. त्यामुळे कारखान्याला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि पाव किलोमीटरवरची खराब, असं घडू शकतं. 'जवळचं पाणी चांगलं आलं, म्हणजे लांबचं चांगलंच असणार' हा युक्तिवाद कुणी केला, तर त्याला भूगर्भ दाखवायला सांगा. कोकणात जांभ्याचं आणखी निराळं: पोकळ्यांतून पावसाचं पाणी इतकं झपाट्यानं वाहतं, की जूनमध्ये दिसलेलं ऑगस्टमध्ये दिसत नाही.

काळ्या मातीच्या भरवशावर राहू नका. ती ओली असताना पाणी धरून ठेवते, पण मे महिन्यात तिला पडलेल्या भेगांत हात जातो. पहिल्या वळवाच्या पावसात वरची भुकटी त्या भेगांतून सरळ खाली उतरते.

रसायनांचीही चाल वेगवेगळी. डीडीटी, एचसीएचसारखी जुनी औषधं मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि पाण्यात कमी उतरतात, पण दशकानुदशकं टिकतात. झायलीनसारखी फवारणीच्या औषधांतली द्रावकं पाण्यापेक्षा हलकी असल्यानं भूजलाच्या पृष्ठावर तरंगतात. कार्बन टेट्राक्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त द्रावकं पाण्यापेक्षा जड, ती भेगांतून तळाला जाऊन बसतात. शिवाय द्रावकासोबत गेलेलं कीटकनाशक एकट्यानं पोचलं नसतं इतकं खोल पोचतं. म्हणून कारखान्याच्या इतिहासात द्रावकाची टाकी निघाली, तर फक्त वरच्या पाण्याचा नमुना घेऊन भागणार नाही.

पाणी कुठल्या दिशेनं वाहतं हे काढण्यासाठी कमीत कमी तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या. प्रत्येक विहिरीच्या कठड्याची उंची लेव्हलनं मोजा, त्यातून पाण्यापर्यंतचं अंतर वजा करा. तिन्ही आकडे नकाशावर मांडले की उतार दिसतो. मोजणी मात्र शेतीपंपांची वीज येण्याआधी, भल्या पहाटे करा. आजूबाजूचे पंप चालू झाले, की पाण्याची दिशा पंपांकडे वळते आणि नकाशा खोटा पडतो. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या नियमित मोजते, त्यांतली जवळची विहीर कोणती हे जिल्हा कार्यालयात विचारा.

आपल्याकडची एक खास भानगड म्हणजे विहिरीतली आडवी बोअरं. पाणी वाढावं म्हणून विहिरीच्या पोटातून चारी दिशांना मारलेल्या या भोकांपैकी एखादं कारखान्याच्या दिशेनं गेलं असेल, तर भूजलाचा नैसर्गिक उतार काहीही असो, विहीर तिकडचं पाणी ओढणारच. कुठलाही मानक फॉर्म हा प्रश्न विचारत नाही. तुम्ही विचारा. बोअर मारणारा गावातलाच असतो.

खड्डा आणि बाटली

आता हात घाला, पण सांभाळून. नायट्राइलचे हातमोजे, बूट आणि मास्क हवेतच. शोषखड्ड्यात, टाकीत किंवा कोरड्या विहिरीत उतरू नका, हुंगून पाहू नका, मुलांना आणि गुरांना लांब ठेवा. गंजलेलं पिंप दिसलं तर जागेची खूण करून फोटो काढा, हलवू नका.

मातीसाठी दोन प्रकारच्या जागा लागतात. संशयाच्या जागा इतिहासानं दाखवलेल्या: पिंपं धुण्याची फरशी, गटाराचं तोंड, माल चढवण्याचा धक्का, जाळण्याची जागा. उरलेल्या जागेवर ठराविक अंतरावर चौकटी पाडून नमुने घ्या, म्हणजे आठवणीतून सुटलेलं सापडू शकतं. आणखी एक नमुना आणायचा तो कारखान्याचा काही संबंध नसलेल्या, पण त्याच मातीच्या शेतातून. याशिवाय पुढची सगळी चर्चा हवेत राहते.

जेसीबीनं खणलेल्या खड्ड्याची भिंत वाचायला शिका. कुदळीच्या टोकानं ती खरवडून ताजी करा, टेप लावा आणि वरून खाली पाहत जा. समजा, वर तीस सेंटिमीटर लाल मुरमाचा भराव, त्याखाली बोटभर जाडीचा करडा, साबणासारखा गुळगुळीत पट्टा, मग काळी माती. तो पट्टा म्हणजे धुरळणीच्या पावडरीत मिसळायचं शंखजिरं असण्याचा संभव मोठा. कुणीतरी भुकटी पसरून वर मुरूम टाकला आहे. असा थर दिसला की त्या थरातला वेगळा, त्याच्या लगेच खालचा वेगळा आणि एक मीटर खालचा वेगळा, असे तीन नमुने घ्या. तिन्हींची माती एकत्र कालवून 'सरासरी' नमुना करणारा सल्लागार तुमचे पैसे वाचवत नाही. तो पट्टा झाकतो आहे. आणि द्रावकासाठीची माती तर कधीच कालवायची नसते, कालवताना द्रावक उडून जातं.

पाण्याचा नमुना घेण्यापूर्वी साचलेलं पाणी काढावं लागतं. दोन इंची निरीक्षण पाईपमध्ये मीटरला साधारण दोन लिटर पाणी असतं, त्यामुळे तिप्पट पाणी उपसण्याची जुनी रीत तिथं सोपी पडते. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला एकवीस लिटरच्या आसपास, म्हणजे पन्नास मीटर पाणी उभं असेल तर तीन हजार लिटरहून जास्त उपसायचं. ते पाणी दूषित असेल तर सोडणार कुठं, याचा विचार आधीच करा, शेजाऱ्याच्या बांधात नव्हे. शक्य तिथं मंद गतीचा पंप लावा आणि सामू, क्षारता, तापमान हे आकडे स्थिरावले की बाटली भरा. मोठ्या उघड्या विहिरीत हे गणित लागू नाही. ती रोज उपसली जात असेल तर पंप चालू असताना, आणि पडून असेल तर तळाजवळचं व वरचं पाणी वेगवेगळं घ्या.

कीटकनाशकांसाठी गडद काचेची बाटली, झाकणाला टेफ्लॉनचा थर. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीत आणलेलं पाणी वाया गेलं समजा, कारण जुनी क्लोरीनयुक्त औषधं प्लास्टिकच्या आतल्या बाजूला चिकटतात. द्रावकांसाठीची छोटी कुपी काठोकाठ भरा, उलटी करून टिचकी मारा, बुडबुडा दिसला तर दुसरी कुपी घ्या. प्रयोगशाळेनं आत आम्लाचे थेंब टाकून दिलेली बाटली विसळू नका. सगळं बर्फात ठेवा. कीटकनाशकांचं पाणी सात दिवसांच्या आत प्रक्रियेला लागलं पाहिजे. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना आणि संपूर्ण फेरीत एक शुद्ध पाण्याची बाटली पाठवा. त्या शुद्ध बाटलीत कीटकनाशक निघालं, तर घोटाळा विहिरीत नाही, वाटेत किंवा प्रयोगशाळेत झालेला आहे.

हे झालं तुमच्या माहितीपुरतं. कज्जा लढायचा असेल तर गोष्ट वेगळी आहे. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं जागेचा ताबा असणाऱ्याला नोटीस देऊन, त्याच्या समक्ष, दोन भाग करून मोहोरबंद करायचा असतो. तुमचा स्वतःचा अहवाल मंडळाला हलवण्यासाठी वापरा, त्यावरच विसंबून न्यायालयात जाऊ नका.

अहवाल हातात आल्यावर

पहिलं पान सोडा, शेवटच्या रकान्यात जा. तिथं बऱ्याच ठिकाणी 'बीडीएल' लिहिलेलं असेल, म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. मग मर्यादा किती होती ते पाहा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५००, २०१२ ची आवृत्ती, अल्फा-एचसीएचला लिटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅम इतकंच चालवून घेतं. यंत्राची शोधमर्यादाच ०.१ असेल तर 'बीडीएल' या उत्तराला काही अर्थ नाही. दहापट दूषित पाण्यालाही ते तेच उत्तर देईल. त्याच मानकात लिंडेनला २, क्लोरपायरिफॉसला ३०, फोरेटला २, मोनोक्रोटोफॉसला १ मायक्रोग्रॅम अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत. काम देण्याआधीच प्रयोगशाळेकडून प्रत्येक रसायनाची शोधमर्यादा लेखी मागा आणि एनएबीएलची मान्यता त्याच चाचणीसाठी आहे ना, ते मान्यतेच्या यादीत शोधा. दारावरच्या पाटीवर जाऊ नका.

मूळ औषधाबरोबर त्याची विघटनातून झालेली रूपंही यादीत हवीत. डीडीटीचं डीडीई होतं, एंडोसल्फानचं एंडोसल्फान सल्फेट, फोरेटचं सल्फॉक्साइड आणि सल्फोन, कार्बारिलचं नॅफ्थॉल. वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या जागेत मूळ औषध शून्य आणि ही रूपं भरपूर, असं चित्र अगदी स्वाभाविक आहे.

आता तो वाद, जो हमखास होतो. समोरचा म्हणेल, 'औषधं तुम्हीच फवारली, कारखान्याला कशाला दोष देता?' आक्षेप खोटा नाही, शेतात फवारणी झालेलीच असते. उत्तर नमुन्यांच्या मांडणीत असतं. फवारणीचे अंश साधारण नांगराच्या खोलीपर्यंत, शेतभर थोडेथोडे पसरलेले असतात. कारखान्याचे अंश ठिपक्याठिपक्यानं, खोल आणि एका जागी हजारपट असतात. एकाच पिकावर कधी एकत्र मारली जाणार नाहीत अशी चार औषधं एका ठिकाणी निघतात आणि सोबत द्रावकही, जे कुठला शेतकरी वेगळं विकत घेत नाही. एचसीएचची तर ओळखच पटते. तांत्रिक बीएचसीमध्ये अल्फा प्रकार साठ-सत्तर टक्के असतो, गॅमा म्हणजे लिंडेन दहा-पंधरा टक्के. शुद्ध लिंडेन वेगळं काढलं, की उरलेला अल्फा-बीटाचा ढीग कारखान्याच्या गळ्यात पडतो. फक्त लिंडेन वापरणाऱ्या शेताच्या मातीत हा ढीग येऊ शकत नाही. मात्र १९९७ मध्ये बंदी येण्याआधी गावात बीएचसीची धुरळणी सर्रास होत असे, म्हणून वर सांगितलेल्या संबंध नसलेल्या शेतातल्या नमुन्याचं महत्त्व.

मातीचे आकडे कशाशी ताडायचे, हा प्रश्न जास्त अवघड आहे. आपल्याकडचे सल्लागार बरेचदा डच किंवा कॅनेडियन मर्यादा लावतात. त्यात गैर काही नाही, फक्त कोणत्या वापरासाठीची मर्यादा लावली ते विचारा. औद्योगिक जमिनीची मर्यादा लावून 'सुरक्षित' ठरलेल्या जागेवर उद्या बालवाडी होणार असेल, तर तो अहवाल तुमच्यासाठी नाही.

आणि एका कामानं विषय संपला असं धरू नका. भोपाळहून ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला आणि पुढे जाळला गेला. बातम्यांचा सूर 'सुटलो एकदाचे' असा होता. पण नागपूरच्या नीरी आणि हैदराबादच्या एनजीआरआय यांच्या २०१० मधल्या अहवालात शुद्धीकरणाची गरज असलेली माती अकरा लाख टन सांगितली होती. गोण्यांत भरून ठेवलेला कचरा डोळ्यांना दिसतो, माती दिसत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. त्यांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी पुढं पाठवायची आहे, राज्य मंडळानं प्राथमिक तपासणी ९० दिवसांत करायची आहे आणि खर्चाचा भार दूषित करणाऱ्यावर येणार आहे. तुमची जागा या यादीत यावी म्हणून केलेल्या ग्रामसभेच्या ठरावाला भूखंड क्रमांक, कारखान्याची उत्पादनं, तुमच्याकडच्या अहवालांच्या प्रती आणि विहिरींचा नकाशा जोडा. 'आमच्या गावात प्रदूषण आहे' एवढ्याच ठरावाचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं चालू असताना प्यायचं पाणी बदला. पाणी उकळून यातली बहुतेक कीटकनाशकं जात नाहीत, उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं. घरगुती फिल्टरवर विसंबणं हा जुगार आहे, कारण आतला कोळसा कधी भरला ते कळत नाही. भोपाळच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये दिला, तेव्हा मातीला कुणी हात लावलेला नव्हता. तुम्हीही टँकर किंवा लांबच्या योजनेचं पाणी आधी मागा. संशयित विहिरीवर पिण्यास मनाईचा फलक लावा, गुरांची डोणी तिथून हलवा. आणि या जागेत नवं बोअर मारायला कुणाला देऊ नका. वरचा दूषित थर फोडून खाली गेलेलं, नीट केसिंग नसलेलं एक भोकसुद्धा वरच्या विषाला खालच्या स्वच्छ पाण्यापर्यंत वाट करून देतं. जुनी पडीक बोअरं आवारात असतील, तर ती माती-दगड टाकून नाही, तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट-सिमेंटच्या मिश्रणानं भरून घ्या, आणि भरण्याआधी त्यांतल्या पाण्याचा नमुना काढून ठेवा.